माझ्या हातून चुकलेली पाळी

अमरावतीला राजापेठेतल्या एका दवाखान्यात, पिण्याच्या पाण्याच्या माठांच्या बरोबर वर, मी एकदा माझ्या वळणदार अक्षरात एक सूचना लिहून चिकटवली होती. ती अशी: "पाडव्यापासून वंदना इं. यांची पाळी चुकली आहे. ही चूक माझ्या हातून झाली असून तिची संपूर्ण जबाबदारी माझी आहे. संबंधितांनी मला त्वरित भेटावे." खाली सही. सहीखाली दोन रेघा, कारण एका रेघेत माझं समाधान होत नसे.

हे मी पूर्ण शुद्धीत असताना लिहिलं. तापबीप काही नव्हता. बाहेर वैशाखाचं ऊन होतं खरं, पण त्याच्यावर ढकलायला ऊन काही माझ्याऐवजी लिहायला बसलं नव्हतं. चिकटवून मी दोन पावलं मागे सरले आणि सूचना सरळ लागली आहे का ते पाहिलं. माठाशी उभ्या असलेल्या एका सिस्टरनं तोंडातलं पाणी सगळं समोरच्या भिंतीवर उडवलं. कंपाउंडर वाचता वाचता अंगणात निघून गेला आणि निंबाच्या झाडाला धरून उभा राहिला. मला वाटलं, एवढ्या मोकळेपणानं चूक कबूल करणारी बाई यांनी कधी पाहिली नसावी. मी मान ताठ करून माझ्या खोलीत गेले.

हे सगळं आज का आठवावं, तर उन्हाळा परत आला म्हणून. आता मी अकोल्याला मुलाकडे असते. अकोल्याचा उन्हाळा म्हणजे घरोघरचा अभिमान. पोराचे मार्क सांगावेत तसा इथं पाहुण्याला पारा सांगतात. परवा कूलरला नवीन गवत भरलं. पहिल्यांदा पाणी सुटलं आणि तो ओल्या गवताचा वास खोलीत आला तेव्हा मी कैरी किसत बसले होते. समोर नात, मुक्ता, मांडीवर लॅपटॉप घेऊन. ती इथल्या एका मोठ्या दुकानात कोण कधी कामावर येणार ते ठरवते. म्हणजे मी करायचे तेच. फक्त मी पट्टी आणि दोन रंगांची शाई घेऊन करायचे, आणि ती बोटानं चौकोन सरकवते. चौकोन हिरवा झाला की माणूस सकाळी येतो, निळा झाला की रात्री.

"आजी, हे बघ किती छान आहे," ती म्हणाली. "ज्यांच्या घरी लहान मुलं आहेत त्यांना हे आपोआप दिवसाची शिफ्ट देतं. बाकीच्यांना रात्र. मला काही करावंच लागत नाही."

माझी कैरी किसणीवरून घसरली आणि बोट किसलं गेलं. मुक्ता हळद आणायला धावली. तिला वाटलं, मी बोटामुळे दचकले.

तो नियम माझा होता हो. शब्दन् शब्द.

तेव्हा मी ऐन तिशीत होते. माहेरी वडील शाळेत मराठी शिकवायचे, सासरी सासरे वकील. म्हणजे चूक काढायची कशी हे एका घरात शिकले आणि आपली चूक मान्य करायची नाही हे दुसऱ्या घरात. दवाखान्याच्या मोठ्या डॉक्टरांनी मला कचेरीत ठेवून घेतलं ते अक्षरासाठी. पहिल्याच आठवड्यात मी त्यांचा 'ड्युटी चार्ट' भिंतीवरून काढला आणि तिथं 'पाळीपत्रक' लावलं. लोक बिचारे 'डिवटी' म्हणत होते आणि सुखात होते. मला ते सुख बघवलं नाही. मी त्यांना पाळी म्हणायला लावलं.

आता वऱ्हाडात 'ळ' जिभेवर टिकत नाही. डोळ्याचा डोया होतो, शाळेची शाया, आणि पाळीची पायी. "मॅडम, माही पायी कोनती?" असं कुणी विचारलं की मी पेन खाली ठेवायचे. "पायी नाही, पाळी. पायी म्हणजे चालत. नाहीतर कुणामुळे तरी. 'तुझ्या पायी मला त्रास झाला' म्हणतो ना, त्यातलं पायी." समोरची बाई मान डोलवायची आणि म्हणायची, "हो मॅडम. मंग माही पायी कोनती?"

या शब्दाचा दुसरा अर्थ तुला माहीत नव्हता का, असं ही गोष्ट ऐकून मुक्तानं मला विचारलं. माहीत होता ना. पण आमच्या माहेरी तो शब्द त्या अर्थानं कुणी उच्चारला नाही. आईला कावळा शिवायचा, काकू बाहेरची असायची, आणि मी मोठी झाले ती 'अडचण' या एका शब्दावर. पाळी म्हणजे गिरणीतली, रेशनच्या रांगेतली, बोलायची. एक अख्खा अर्थ मी कानामागे टाकला होता, आणि हे मी शुद्ध भाषेच्या नावाखाली केलं होतं.

अमरावतीच्या उन्हाळ्यात खरी शिक्षा दुपारपाळीची. दोनच्या ठोक्याला पोचायचं म्हणजे दीडला घर सोडायचं. डांबर वितळून चपला धरायचं. बाया डोक्याला, तोंडाला दुपट्टा गुंडाळून, नुसते डोळे उघडे ठेवून यायच्या, कनवटीला कांदा. आत आल्या की माठाच्या थंड अंगाला हात लावून क्षणभर तशाच उभ्या. दुपट्टा सुटला की वाफ निघायची. मी पंख्याखाली बसून हे पाहायचे आणि मनात म्हणायचे, बघा, कुणालाही सलग दुपारपाळी दिलेली नाही. माझं पत्रक म्हणजे न्याय. दहाला यायचं, पाचला जायचं आणि दुसऱ्यांच्या दिवसरात्रीचा न्याय करायचा, इतकं सुखाचं काम मला पुन्हा कधी मिळालं नाही.

आणि या न्यायाचा कळस म्हणजे तो नियम: ज्यांच्या घरी लहान मूल आहे, त्यांना रातपाळी नाही. रातपाळी बिनलेकराच्यांना. डॉक्टर खूश झाले. आयांनी दुवा दिला. बदल हवा असेल तर लेखी अर्ज, कारणासह. मी घरी जाऊन नवऱ्याला सांगितलं. तो म्हणाला, "वा." रोज रात्री शेजारी झोपणारा माणूस होता, त्याच्या घोरण्याबद्दल मी रोज सकाळी तक्रार करत असे.

दवाखान्यात वॉर्डाचं काम करणाऱ्या बाईला मावशी म्हणतात. वय काहीही असो. त्यातली वंदना इंगळे माझ्या आधीपासून होती, मूल नव्हतं, म्हणून सदाची रातपाळीवर. ती यायची तेव्हा मी घरी भाकरी टाकत असायचे, त्यामुळे पत्रकात ती मला पाठ होती आणि समोर आली असती तर ओळखली नसती. त्या पाडव्याला आणखी एक मावशी लागली. तिचं नाव वंदना इंगोले. घरी दोन लहान लेकरं. नियमाप्रमाणे दिवसपाळी. पाडव्याचं नवं पत्रक मी श्रीखंड खाऊन करायला घेतलं. चौकोन लहान होते, म्हणून आडनावं तोडली. दोघींचं उरलं एकच: वंदना इं.

पुढचं तुमच्या लक्षात आलं असेल. माझ्या आलं नाही.

पाडव्यापासून एक वंदना दिवसा दिसू लागली. सावळी, बारीक, हसताना तोंडावर पदर धरणारी. मी तिला नवी इंगोले समजले. मोठेपणानं रोज विचारायचे, "काय गं, मुलं कशी आहेत?"

ती क्षणभर माझ्याकडे बघायची. मग म्हणायची, "बरी हायेत मॅडम."

मी घरून कैरीच्या वड्या न्यायचे, जिरं-मीठ लावून वाळवलेल्या. मूठभर कागदात बांधून द्यायचे. "मुलांना दे." ती घ्यायची. कागदाची घडी कमरेला खोचायची. वैशाख लागला तशी तीच कधी दाराशी येऊन उभी राहायची. मी म्हणायचे, "संपल्या वाटतं मुलांच्या?" ती म्हणायची, "हो, मॅडम." तिची नजर वड्यांच्या बरणीवर असायची.

आणि मग एका सकाळी चहा पिता पिता मोठे डॉक्टर म्हणाले, "ती नवी मावशी काल सांगत होती, घरी दोन लहान मुलं आहेत. मग तिला रातपाळी कशी? तुमच्या नियमाचं काय झालं?"

मी पत्रक उघडलं. वरून खाली पाहिलं, खालून वर पाहिलं. दोन वंदना, दोन इं., आणि दोघी एकमेकींच्या जागी. पाडव्यापासून. कानशिलं तापली. "आजच्या आज दुरुस्त करा," डॉक्टर म्हणाले, आणि मी ती सूचना लिहिली. नुसती चूक दुरुस्त करून गप्प बसण्याइतकं शहाणपण असतं तर मी मी नसते.

सूचना लागून चहा गार झाला नसेल, तोच दार ढकललं गेलं. ती सावळी वंदना आत आली आणि तिनं मागे कडी लावली. दुपट्टा तोंडावर तसाच. उघडे फक्त डोळे, आणि ते पाहून मी खुर्चीत मागे सरले.

"मॅडम, तुमाले कोनं सांगतलं?"

"कोणी कशाला सांगायला हवं? मोठ्या डॉक्टरांच्या लक्षात आलं."

"डाक्टरायले? नुसतं पाहून?"

"मग. आणि मग मी स्वतः तपासलं. चूक आहेच. पाडव्यापासून आहे."

तिनं बोटांवर काहीतरी मोजलं. "पाडव्यापासून नाई जी. त्याच्या बादची हाये."

"पाडव्यापासूनच आहे. मला सांगू नकोस, माझ्याच हातून झालीय."

ती टेबलाला धरून उभी राहिली. "तुमच्या हातून कशी होईन, मॅडम?"

"झाली खरी. तू मुळीच घाबरू नकोस. तुझा यात काही दोष नाही. आजच्या आज सगळं पहिल्यासारखं करून टाकू. डॉक्टरांनी तसंच सांगितलंय."

यावर तिनं दुपट्टा ओढून काढला, खाली बसली आणि माझे दोन्ही पाय धरले. इतके घट्ट, की मला खुर्चीतून उठता येईना. "नाई मॅडम. पहिल्यासारखं नोका करू. पाया पडतो तुमच्या. म्या नवऱ्यालेई सांगतलं नाई आजून. तीन महिने होऊ द्या म्हटलं. इतक्या वर्सांनं राह्यलं, मॅडम. डाक्टरायले म्हना, मी नाई करत पोट खाली."

मी तिचे केस बघत होते. भांगात घामानं कुंकू ओघळलं होतं. राह्यलं. खाली. हे दोन शब्द माझ्या डोक्यात आधी एकेकटे हिंडले, मग एकमेकांना भेटले, मग माठावरची सूचना माझ्या डोळ्यांसमोर माझ्याच अक्षरात उभी राहिली, सहीसकट, दोन रेघांसकट. त्या क्षणी मी जी झाले, तिला काय म्हणायचं ते मला आजही सांगता येत नाही. उकाड्यात अंगावर काटा आला होता, एवढं आठवतं.

"पण तुला तर दोन मुलं आहेत ना?" मी कसंबसं म्हणाले.

"मले कुठची? ते इंगोले. मी इंगये."

"मी रोज विचारायचे, मुलं कशी आहेत."

"तुमी इतक्या मायेनं इचारत होत्या. 'नाईत' कसं म्हनू? आन् म्हटलं असतं तं तुमी मले रातपायीले टाकलं असतं." तिनं पदरानं नाक पुसलं. "वड्या मीच खाल्ल्या. आंबट लय गोड लागून राह्यलं."

मग ती बोलत राहिली आणि मी ऐकत राहिले. नवरा धामणगाव रेल्वेला धान्याच्या अडतीवर कामाला. पहाटेच्या गाडीनं जायचा, दिवेलागणीला यायचा. ती त्याच वेळी घरातून निघायची. गल्लीच्या तोंडाशी दोघांची गाठ पडायची. ती त्याच्या हातात किल्ली द्यायची, भाजी काय केली ते सांगायची, आणि जायची. सकाळी ती परतायची तेव्हा तो गाडीत, किल्ली शेजारणीकडे. सुट्टी त्याला रविवारी, तिला माझ्या पत्रकानं बुधवारी. बुधवारी तिला सासूनं भातकुलीला शेतावर बोलावलेलं, रविवारी त्याला. आणि तीच सासू आता त्याच्यासाठी दुसरी मुलगी पाहत होती. पाहत होती म्हणजे पाहून झाली होती. आखाड लागायच्या आत लावून द्यायचं घाटत होतं.

"सासू म्हनते, दोस तुह्यात हाये. तपासन्या केल्या, समद्या बऱ्या निंघाल्या. लेडी डाक्टरनं इचारलं, नवरा घरी असते ना? म्या म्हटलं, तो असते. मी नसतो."

"अगं, मग दिवसपाळी मागायची होतीस. अर्ज द्यायचा."

तिनं माझ्याकडे असं पाहिलं, जसं मी लोकांकडे ते 'पायी' म्हणाले की पाहायचे. "काय लिवू मॅडम अर्जात? कारनासह म्हनता तुमी. नवऱ्यापाशी झोपाचं हाये, असं लिवू?"

बाहेर वॉर्डाच्या कूलरचं पाणी ठिबकत होतं. मला वाटलं होतं मी रेघा मारते, चौकोन भरते. कुणाच्या घरी कोणत्या वेळी कोण असणार, दोन माणसं एकमेकांना डोळे भरून कधी पाहणार, कुणाला मूल होणार आणि कुणाचा संसार दुसरीच्या हाती जाणार, हे मी पंख्याखाली बसून, पट्टी धरून ठरवत होते. ज्यांना मूल आहे त्यांना रात्र घरी. ज्यांना मूल नाही त्यांना रात्र वॉर्डात, म्हणजे ते होऊच नये. हा माझा न्याय. आणि जे काही बरं घडलं होतं, ते माझ्या न्यायानं नाही, माझ्या आळसानं. दोन आडनावं पूर्ण लिहायचा कंटाळा केला म्हणून.

तेवढ्यात दार वाजलं. दुसरी वंदना. रातपाळी संपली तरी वॉर्डाच्या गारव्यात रेंगाळलेली, आणि सूचना वाचून तोंड फुगवून आलेली. "मॅडम, माही पायी बदलू नोका. घरी कूलर नाई. पोरं आजीपाशी गच्चीवर झोपते, माही याद बी करत नाई. वार्डात कूलर हाये, थंडा माठ हाये, चार घंटे कोनी 'वंदे' म्हनून हाक मारत नाई. या दोन महिन्यांत पाह्यलं तितकं सुख म्या जलमात नाई पाह्यलं."

म्हणजे पाळ्यांची ही अदलाबदल सगळ्यांना माहीत होती. सिस्टरना, कंपाउंडरला, दोन्ही वंदनांना. न कळणारी त्या दवाखान्यात एकटी मी होते, आणि पत्रक मी करत होते.

डॉक्टरांकडे गेले. काय सांगणार? इंगळेनं तीन महिने कुणाला सांगू नका म्हणून शपथ घातलेली. आणि माठावर जे मी लावलं होतं, ते चेष्टा म्हणूनच खपावं, खरं म्हणून नाही, यातच आता तिचं भलं होतं. मी म्हणाले, "मला पत्रक दुरुस्त करायचं नाही."

"का?"

"कारण सांगता येत नाही."

"लेखी द्या," डॉक्टर म्हणाले. माझाच नियम. मग त्यांनी माझं तोंड पाहिलं आणि चष्मा काढला. "बरं. राहू द्या. पण ती सूचना आधी काढा. सकाळपासून तीन पेशंट विचारून गेले, मॅडमची तब्येत बरी आहे ना म्हणून."

मी सूचना काढली. खळ चांगली लागली होती, भिंतीचा पोपडा निघाला. लोक हसत होते, मीही हसले. ज्या गोष्टीवर सगळा दवाखाना हसतो आहे तीच खरी आहे, हे तिला आणि मला दोघींनाच माहीत होतं. पुढचे काही आठवडे आम्ही दोघी ते हसू जपत होतो, आणि रोज सकाळी ती आत आली की मी आधी तिचा चेहरा बघायचे. उशीर झाला की मी दाराशी जाऊन उभी राहायचे. सासूनं पाहून ठेवलेली ती मुलगी मी कधी पाहिली नाही, पण तिच्या नावानं माझी झोप उडाली होती. लेखी अर्जाचा नियम मी गुपचूप खोडून टाकला. कुणी विचारलं तर सांगायचे, कागद वाचवतेय.

परवा बोटाला हळद लावून झाल्यावर मी मुक्ताला विचारलं, "तुझ्या त्या चौकोनांत, मुलं असणाऱ्यांना दिवस. आणि ज्यांना व्हायचीत त्यांना?"

तिनं पडद्यावर वर-खाली शोधलं. "त्याच्यासाठी जागाच नाहीये, आजी."

"मग?"

तिनं लॅपटॉप जवळ ओढला. मग एक निळा चौकोन बोटाखाली धरून तसाच ठेवला, आणि फोन उचलून कुणाला तरी विचारलं, "ताई, तुमचे मिस्टर कोणत्या शिफ्टला असतात?" पलीकडून काय आलं ते मला ऐकू आलं नाही. मुक्ताचा चेहरा मात्र माझ्या त्या वेळच्या चेहऱ्यासारखा झाला. मी कैरी किसायला घेतली.

आखाड लागला तेव्हाची गोष्ट सांगायची राहिली. वंदना दवाखान्यात आली ती गुलगुल्यांचा डबा घेऊन. डबा तिच्या हातात नव्हता, मागून येणाऱ्या म्हाताऱ्या बाईच्या हातात होता. नऊवारी, पायात धुळीच्या चपला. भातकुलीची सासू. सुनेला ओझं उचलू देत नव्हती. माठापाशी सगळे जमले, सिस्टर, कंपाउंडर, दुसरी वंदना. सासू मला म्हणाली, "मॅडम, माह्या सुनेले आता रातपायीले टाकू नोका बरं." आणि स्वतःच पहिला गुलगुला माझ्या तोंडात घातला, त्यामुळे मला तिचा उच्चार सुधारता आला नाही.

भिंतीवरचा निघालेला पोपडा तसाच होता. वंदना त्याच्याखाली उभी राहिली, तोंडावर पदर धरला, मग सोडला. सगळ्यांना ऐकू जाईल असं, एकेक अक्षर सावकाश लावत ती म्हणाली, "मॅडम, तुमी मले कितीक डाव शिकवलं, आता आयका, बरोबर म्हनतो का ते पाहा. माही पाळी चुकली, ते तुमच्या पायी."